बॅटरीपासून डिक्कीपर्यंत: ॲम्पची वायर आम्ही कुठून नेतो

गाडीतल्या गाण्यांना जोर देणारा ॲम्प आणि बेस वाजवणारा मोठा स्पीकर म्हणजे वूफर निवडताना आमच्या दुकानात लोक तास-तास चर्चा करतात. आरएमएस (ॲम्प सतत देऊ शकतो ती ताकद) किती, बॉक्स सील हवा की पोर्टवाला, सगळं विचारतात. मग बिलावर ‘वायरिंग व फिटिंग’ ही ओळ आली की भुवया वर जातात. “एका वायरीचे एवढे? आणि गाडी अर्धा दिवस कशाला ठेवायची?” हे आम्हाला दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागतं. गर्दीच्या वेळी नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं. तुम्ही काम दुसरीकडे करणार असाल तरी वाचा, तिथे उभं राहून काय बघायचं ते कळेल.

आमच्या काउंटरमागे खिळ्याला लाल वायरीचा एक तुकडा टांगलेला आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षबागायतदारांच्या गाडीतून तो निघाला. त्यांची तक्रार एवढीच होती की वूफर मधूनच बंद पडतो आणि कधी कधी जळका वास येतो. ॲम्प आमच्याकडचा नव्हता. बोनेट उघडलं तर वायर थेट बॅटरीच्या प्लसवर कसलेली, मध्ये फ्यूज नाही. फ्यूज होता, पण डिक्कीत, ॲम्पच्या शेजारी. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला ड्रिलने भोक पाडून वायर तशीच ओढलेली, ग्रोमेट म्हणजे रबराचं बूच बसवलेलंच नव्हतं. भोकाची धार ब्लेडसारखी. इंजिनाच्या थरथरीने त्या धारेवर वायर रोज थोडी थोडी कापली गेली होती. बोटाच्या पेराएवढं तांबं उघडं पडलेलं आणि भोवतालचा पत्रा काजळीने काळा. नाशिकपर्यंत गाडी पोचली हे त्यांचं नशीब.

फ्यूज बॅटरीजवळच का

ॲम्पला फ्यूज ॲम्पच्या अंगावर असतोच. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. आपल्याकडे शेतकरी गिऱ्हाईक बरेच, म्हणून आम्ही विहिरीचं उदाहरण देतो. विहिरीपासून बागेपर्यंत पाइपलाइन टाकली आणि मध्ये पाइप फुटला, तर बागेतला कॉक बंद करून काय उपयोग? विहिरीजवळचाच बंद करावा लागतो. वायरीचं तसंच आहे. मध्ये कुठेही ती बॉडीला टेकली की छोटी कार बॅटरीसुद्धा क्षणात शेकडो ॲम्पिअर सोडते. वायर लाल होते, वरचं प्लास्टिक वितळतं, शेजारी कार्पेट असतं. डिक्कीतल्या फ्यूजला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून बॅटरीच्या टर्मिनलपासून वायरीची लांबी मोजून ४५ सेंटिमीटरच्या आत आम्ही फ्यूज बसवतो, शक्यतो एका वितीतच. ॲम्पवर ३०-३० चे दोन फ्यूज असतील तर इथे ६० चा. “बाराशे वॅटचा आहे, दीडशेचा टाका” असं कुणी म्हणालं तरी आम्ही टाकत नाही. फ्यूज वायरीला पेलवेल त्याहून मोठा झाला की आधी वायर जळते आणि फ्यूज बघत बसतो.

जाडी: नुसता गेजचा आकडा पाहू नका

गेजमध्ये आकडा लहान तितकी वायर जाड. ८ गेज म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर तांबं, ४ गेज म्हणजे सुमारे २१. छोट्या चार चॅनेलच्या (चार स्पीकर चालवणाऱ्या) ॲम्पला ८ पुरते. मोनोब्लॉक (वूफरसाठीचा एका चॅनेलचा ॲम्प) आणि वूफर असेल तर ४ गेजपेक्षा बारीक वायर आम्ही टाकत नाही.

कारण साधं आहे. ५०० वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प पूर्ण जोरात असला की साधारण ४५ ॲम्पिअर ओढतो, तेवढाच जुन्या पद्धतीचा क्लास एबी असला तर ६० च्या वर जातो. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत वायर लागते सुमारे ५ मीटर. ६० ॲम्पिअरला ४ गेज तांब्यात पाव व्होल्ट पडतो. ८ गेज तांब्यात ०.६. आणि ८ गेजची वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असेल तर जवळपास एक व्होल्ट. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट असतात, त्यातला एक रस्त्यातच गेला. मग बेस पिळल्यासारखा येतो आणि दोष वूफरला जातो.

मुलामा ओळखायला वायरीची एक तार ब्लेडने खरवडा. वर लाल आणि आत पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम. उलट वर चंदेरी आणि आत लाल असेल तर घाबरू नका, ते कथलाचा मुलामा दिलेलं तांबं असतं, ते चांगलंच. बाजारात करंगळीएवढी जाड दिसणारी ‘४ गेज’ वायर स्वस्तात मिळते. ती कापून टोकाकडून बघा: रबर करंगळीएवढं, तांबं काडेपेटीच्या दोन काड्यांएवढं. किट तुम्ही स्वतः आणलंत तरी आमची हरकत नाही, पण आम्ही ते तुमच्यासमोर कापून बघू.

रस्ता

खरा वेळ इथे जातो. पत्र्याला भोक पाडायच्या आधी आम्ही गाडीचं स्वतःचं ग्रोमेट शोधतो. बहुतेक गाड्यांत मूळ वायरिंग जिथून आत येतं तिथे रबराला जागा असते. नसेलच तर भोक पाडतो, कडा कानशीने घासतो, रंग लावतो आणि ग्रोमेट बसवतो. बोनेटखालून वायर काळ्या पन्हळी पाइपमधून जाते, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून आणि फिरणाऱ्या बेल्टपासून लांब. आत शिरायच्या आधी वायरीला खाली एक झोळ ठेवतो, म्हणजे पाणी तिथून टपकतं, वायरीवरून ओघळत केबिनमध्ये येत नाही. इगतपुरीकडची गाडी असेल तर हा झोळ विसरून चालत नाही. तिकडच्या पावसात ओलं कार्पेट वाळायला दिवाळी उजाडते.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे पेडलही उजवीकडे. ब्रेकच्या पेडलजवळ सैल लोंबणारी वायर आम्हाला फ्यूज नसलेल्या वायरीइतकीच भीतीदायक वाटते. म्हणून बॅटरी कुठल्याही बाजूला असो, शक्य तिथे पॉवरची वायर डाव्या दाराच्या पायरीखालून नेतो. पायरीवरची प्लास्टिकची पट्टी काढली की खाली क्लिपांच्या टोकदार जिभा दिसतात. पट्टी परत दाबून बसवताना त्याच जिभा वायरीत घुसतात. घाई करणारा हात इथेच चुकतो. आम्ही पट्टी बसवण्याआधी प्रत्येक क्लिपशेजारी वायर बोटाने बाजूला सारून टायने बांधतो. पुढे सीटची पटरी, मागच्या सीटचा कब्जा: जिथे काही सरकतं किंवा दुमडतं तिथून वायर जात नाही.

पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा. त्याला आमचा हात लागत नाही, तुमचाही लागू देऊ नका. काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत सीटखाली लिथियमची बॅटरी असते, तिथे ॲम्प ठेवा म्हणू नका. आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबल दिसल्या की आम्ही दोन पावलं मागे सरतो. ॲम्पला करंट तिच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरूनच घेतो.

स्टिरिओपासून ॲम्पला गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने किंवा गाडीच्या मधल्या भागातून नेतो. दोन्ही एकत्र बांधल्या तर पॉवरच्या वायरीतली खरखर आरसीएत उतरते. कुठे ओलांडावंच लागलं तर काटकोनात, चौकातल्या दोन रस्त्यांसारखं.

अर्थिंग

आवाजाच्या दहा तक्रारी आल्या तर सात-आठ वेळा आमचा हात आधी अर्थवर, म्हणजे ॲम्पचा मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या वायरीवर जातो. अर्थची वायर पॉवरइतकीच जाड, लांबीला अर्ध्या मीटरच्या आत. डिक्कीतला पत्रा रंग खरवडून चकचकीत करायचा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिंप केलेलं, म्हणजे दाबून बसवलेलं, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट आणि वरून गंज लागू नये म्हणून लेप. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी असतो, म्हणून बरेच जण त्यालाच अर्थ देतात. आम्ही देत नाही. अपघातात तो बोल्ट माणूस धरून ठेवतो, त्याच्याखाली आणखी काही घालायचं नसतं.

ॲक्सिलरेटर दाबला की ‘कुईऽऽ’ वाढतो, सोडला की उतरतो? तो आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आणि बहुतेक वेळा खराब अर्थमधूनच येतो. बेसच्या ठोक्याला हेडलाइट मिणमिणत असतील तर कुणीतरी तुम्हाला कपॅसिटर विकेल. आमचं मत विचाराल तर आधी वायर, अर्थ आणि बॅटरी तपासा. कपॅसिटर वीज तयार करत नाही, जी येते तीच क्षणभर साठवतो. मुळात कमी येत असेल तर तोही उपाशीच.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तिथे अर्थ थेट टर्मिनलला न देता बॉडीला द्यायचा, नाहीतर बॅटरीतून किती करंट गेला याचा गाडीचा हिशोब चुकतो.

सीएनजी असेल तर आधी सांगा

डिक्कीत सिलिंडर असला की आम्ही ॲम्प तिथे लावत नाही. सीटखाली जागा बघतो. वायर सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून आणि गॅसच्या पाइपपासून लांब ठेवतो, त्यांना टायने बांधणं तर नाहीच. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात येत नाही: दर तीन वर्षांनी टेस्टिंगसाठी सिलिंडर बाहेर निघतो. काढणाऱ्याला मागे काय दडलंय ते माहीत नसतं, तो ओढतो. म्हणून सिलिंडरच्या मागून आमची एकही वायर जात नाही.

गाडीखालून, चेसिसच्या बाजूने वायर न्यायला सांगणारेही भेटतात, “कार्पेट उघडायचा वेळ वाचेल” म्हणून. नाही. तिथे पेट्रोलची आणि ब्रेकची पाइप असते, शिवाय खडी आणि चिखल.

काम झाल्यावर

गाडी नेताना आमच्या माणसाला बोनेट उघडून फ्यूज दाखवायला सांगा. तो कसा काढायचा हेही शिकून घ्या. इंजिन चालू ठेवून, गाणं जोरात लावून, मल्टिमीटरने बॅटरीवर आणि ॲम्पच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आहेत ते आम्ही तुम्हाला दाखवू. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर गाडी नेऊ नका, आम्हीच नेऊ देणार नाही.

पंधरा दिवसांनी एकदा या, थिंबल आणि बोल्ट पुन्हा कसून देतो, त्याचे पैसे नाहीत. उंदरांचा त्रास असलेल्या पार्किंगमध्ये गाडी लावत असाल तर तेव्हाच सांगा, बोनेटखालच्या पाइपची तोंडं बंद करून देऊ.

बिल जपून ठेवा. गाडीत नंतर बसवलेल्या अशा वस्तू विम्यात वेगळ्या नोंदवाव्या लागतात, तेव्हा त्यावरची किंमत लागते. आणि गाडी सर्व्हिसिंगला किंवा बॅटरी बदलायला देणार असाल तर आधी बॅटरीजवळचा फ्यूज काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. नवी बॅटरी बसवणारा लाल वायर बघून चुकून दुसऱ्या टर्मिनलला लावतो, असं आम्ही दोनदा पाहिलंय.