छतावरचं जंगल आणि मिटल्या डोळ्यांतलं जंगल

दाताच्या डॉक्टरांकडे खुर्ची मागे कलली की वर छतावर एक मोठं छायाचित्र दिसतं. उंच झाडं, फांद्यांतून झिरपणारं ऊन. रूट कॅनालसाठी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या झाडांकडे बघून खरंच बरं वाटलं. मग ड्रिल सुरू झालं, डोळे घट्ट मिटले गेले आणि झाडं गायब. आता शांत व्हायचं तर मनातल्या मनात एखाद्या ओढ्याकाठी जाऊन बसणं एवढंच हाती उरलं. ते मला अजिबात जमलं नाही.

या दोन्ही गोष्टींना आपण सरसकट ‘निसर्गदृश्याने ताण कमी करणं’ म्हणतो. एकात दृश्य बाहेर असतं आणि आपण नुसतं पाहतो. दुसऱ्यात ते आपणच डोळ्यांपुढे उभं करतो. मानसोपचारात याला गाइडेड इमेजरी म्हणतात, कारण बहुधा कुणीतरी बोलून वाट दाखवत असतं. दोन्हींची कामाची रीत जवळजवळ उलटी आहे.

आधी पाहण्याचं बघू. या विषयावर कुणीही लिहायला बसलं की संशोधक रॉजर उलरिक यांचा ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकातला 1984 सालचा अभ्यास हमखास येतो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सारख्याच प्रकारच्या रुग्णांच्या 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. मात्र ही खिडकी होती, चित्र नव्हतं. हा फरक सांगताना बरेच जण गाळतात.

चित्रांचं काय? मिशिगन विद्यापीठातल्या मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली लोकांना काही मिनिटं निसर्गाची किंवा शहराची छायाचित्रं दाखवली. निसर्ग पाहिलेल्यांना नंतरच्या चाचणीत लक्ष नीट लावता आलं. म्हणजे चित्रही चालतं. पण त्याच वर्षी पीटर कान या संशोधकाच्या गटाने खरी खिडकी, तेच दृश्य दाखवणारा मोठा प्लाझ्मा पडदा आणि कोरी भिंत अशी तुलना केली. हलक्या ताणानंतर हृदयाचे ठोके खिडकीपाशी लवकर ताळ्यावर आले. पडदा आणि भिंत यांच्यात फरक दिसला नाही. तेव्हा चित्राकडून खिडकीइतकी अपेक्षा करू नये. खिडकी असेल तर आधी तिचा पडदा बाजूला सारा.

पाहिल्याने बरं का वाटतं, याचं मला सगळ्यात पटणारं उत्तर रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञांचं आहे. हिशेब, मेल, गाडी चालवणं या सगळ्यात आपण लक्ष मुद्दाम धरून ठेवतो, आणि हे धरून ठेवणंच थकवतं. हलणारी पानं, पाण्यावरची तिरीप यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, कुणाला ओढावं लागत नाही. तेवढ्या वेळात धरणारा हात मोकळा होतो. चित्राचा खरा गुण हाच की ते तुमच्याकडून काहीच मागत नाही.

कल्पना मात्र मागते, आणि भरपूर मागते. पिकलेलं लिंबू मधोमध कापलंय, रस बोटांवरून ओघळतोय असं मनात आणून बघा, तोंडाला पाणी सुटेल. मनातलं चित्र मेंदूला अगदीच खोटं नसतं. ते उभं करताना पाहण्यासाठी वापरले जाणारे मेंदूचे काही भागही कामाला लागतात. शिवाय डोक्यात दृश्यं मांडायची पाटी लहान असते. उद्याच्या मीटिंगमध्ये आपली कशी फजिती होणार, हा सिनेमा तिच्यावर चालू असेल तर त्याच पाटीवर ओढा काढायला घेतला की सिनेमाला जागा कमी पडते. इथे फायदा विश्रांतीतून येत नाही, जागा अडवण्यातून येतो.

म्हणून माझं मत असं: दिवसभर आकड्यांत डोकं घालून मेंदूचा भुगा झाला असेल तर डोळे मिटून समुद्रकिनारा रचत बसू नका. ती आणखी एक कामगिरी होते. गॅलरीत उभं राहा, नाहीतर चित्र पाहा. उलट अंथरुणात पडल्यावर तीच ती काळजी गरगरत असेल तर फोनवर धबधब्याचे व्हिडिओ बघून फारसं साधत नाही. डोळे धबधब्यावर, मन मीटिंगमध्ये. तिथे कल्पना हवी.

ती जमवायची कशी? सगळ्यात सुंदर जागा निवडू नका, सगळ्यात ओळखीची निवडा. सुरुवात दृश्याने नको, तळपायांनी करा: दगड गार आहे की तापलेला, ओला आहे का. मग आवाज. मग वास. नजर शेवटी, तीही एकाच वस्तूवर, पाण्यात अडकलेल्या एखाद्या पानावर. ते पान सुटतं, गोल फिरतं, परत अडकतं. काहीतरी हलतं ठेवलं की चित्र टिकतं; स्थिर देखावा चार सेकंदांत विरतो. आणि हा सराव बऱ्या दिवसांत करायचा. मी पहिल्यांदाच थेट ड्रिलखाली केला, म्हणून फसला.

दुसऱ्याच्या आवाजावर चालताना एक अडचण असते. तो म्हणतो ‘लाटांवर अलगद तरंगा’, आणि ऐकणारा लहानपणी बुडता बुडता वाचलेला असतो. काहींना तर डोळे मिटून सैल सोडलं की धडधड वाढते. असं झालं तर डोळे उघडायचे, चित्राकडे वळायचं, त्यात कमीपणा काही नाही. मनात चित्र उमटतच नाही असेही लोक असतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश संशोधकाने 1880 साली लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं, तेव्हाच हे लक्षात आलं होतं. मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन यांनी 2015 साली त्याला ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं. अशांनी आवाज किंवा स्पर्श आठवून पाहावा, नाहीतर सरळ चित्र बरं.

चित्राचाही एक दोष आहे: ते दिसेनासं होतं. फोनच्या पडद्यावर डोंगर लावला तर तिसऱ्या दिवशी त्यावरचे न वाचलेले मेसेजच तेवढे दिसतात. चित्र अधूनमधून बदलावं, आणि फोनवर तर लावूच नये. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मात्र चित्र आणि कल्पना दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

त्या खुर्चीत आता मी दोन्ही वापरते. ड्रिल सुरू व्हायच्या आधी छतावरच्या जंगलात डावीकडचं एक खोड नीट न्याहाळून ठेवते: सालीवरची भेग, तिच्यातलं शेवाळ, बुंध्याशी पडलेला उन्हाचा ठिपका. मग घरघर सुरू होते, डोळे मिटतात, आणि मी त्या ठिपक्यावर पाय ठेवून पुढे चालायला लागते.