धारेआधी फट पाहा

ढिली पडलेली कात्री कितीही धारदार असो, कापड तिच्या पात्यांमध्ये दुमडून अडकतं. जुनं कटर-बार, म्हणजे ये-जा करणाऱ्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र, कापायचं सोडून चघळायला लागतं तेव्हा नेमकं हेच घडत असतं.

फिरत्या पात्याचं यंत्र गवताला फटका मारून तोडतं. त्यासाठी पात्याच्या टोकाला सेकंदाला 70 मीटरच्या आसपास वेग लागतो. कटर-बारची सुरी, म्हणजे त्रिकोणी पात्यांची लांब रांग, सेकंदाला दोन-तीन मीटरनेच ये-जा करते. तरी काडी तुटते, कारण तिला टेकू मिळतो. बोटासारख्या प्रत्येक गार्डात पोलादी पट्टी असते आणि त्रिकोणी पातं तिला लगटून सरकतं. ओबेड हसी यांनी 1833 मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या कापणी यंत्राचं तत्त्व हेच होतं.

म्हणून मी कानस आधी उचलत नाही. यंत्र बंद करून बारच्या टोकाशी बसायचं आणि एक डोळा मिटून गार्डांच्या ओळीवर नजर लावायची. दगड लागून एखादं गार्ड वाकलेलं असलं, की पातं तिथे उचललं जातं आणि शेजारची कापणीही बिघडते. गार्ड हातोड्याने ठोकून ओळीत आणता येतं. पट्टीची कड गोल झाली असेल तर पट्टीच बदलावी. मग सुरीला वरून धरणाऱ्या क्लिपा. त्यांच्याखाली कागदाएवढी फट हवी; जास्त ठोकल्या तर सुरी आवळली जाऊन तापते.

यानंतर फ्लायव्हील, म्हणजे सुरी चालवणारं जड चाक, हाताने फिरवावं. सुरीला हात लावू नये, ती अचानक सरकली तर बोट जातं. दोन्ही टोकांना सुरी थांबते तेव्हा प्रत्येक पातं गार्डाच्या मधोमध यायला हवं. चाकाचं फिरणं ये-जा करण्यात बदलणाऱ्या क्रँकमुळे सुरीचा वेग टोकाला शून्य आणि मध्यावर सर्वाधिक असतो. पातं सरकलेलं असेल, तर काही काड्या सुरी मंदावलेली असताना सापडतात आणि नुसत्या दबतात.

मला सर्वात सुंदर वाटते ती शेवटची जुळणी. बारचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवतात, दर मीटरला साधारण दोन सेंटिमीटर. उभं यंत्र पाहून बार वाकडा बसवलाय असं वाटेल. पण गवतात शिरलं की गवताचा रेटा ते टोक मागे ढकलतो, आणि सुरी तिला ढकलणाऱ्या दांड्याच्या सरळ रेषेत येते.