नंबर दिल्याशिवाय बिल निघत नाही?

‘मोबाइल नंबर दिल्याशिवाय दुकानदाराला बिल करता येत नाही, कायदाच तसा आहे’ हा समज जुना आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवर कपडे घेताना काउंटरवरही हेच कानावर पडतं, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे.

पण जीएसटीचा नियम ४६ उघडून बघा. बिलावर काय हवं, ते त्यात ओळीने दिलंय: दुकानाचं नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, माल, किंमत, कर. ग्राहकाचा मोबाइल नंबर कुठेच नाही. साध्या ग्राहकाचं नाव-पत्तासुद्धा ५०,००० रुपयांपासूनच सक्तीचं. उलट २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित प्रथा ठरते.

नंबर लागतो पॉइंट्स आणि जाहिरातींसाठी. पुढच्या वेळी ‘नंबर न टाकता बिल द्या’ म्हणून पाहा.