इन द स्टिल ऑफ द नाइट

अमेरिकेतील डू-वॉप शैलीचे (निरर्थक अक्षरे घोळवत केलेले वृंदगायन) एक प्रेमगीत. शीर्षकाचा अर्थ ‘रात्रीच्या नीरव प्रहरी’. शब्द व चाल फ्रेड पॅरिस (१९३६–२०२२) यांची. कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील ‘द फाइव्ह सॅटिन्स’ या गायकवृंदाने ते १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित केले. याच शीर्षकाचे कोल पोर्टर यांचे १९३७ मधील गीत निराळे. त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून तबकडीवर ‘नाइट’चे स्पेलिंग ‘जीएच’ गाळून छापले गेले, असे सामान्यतः मानतात.

पॅरिस यांनी आधी ‘द स्कार्लेट्स’ हा वृंद चालवला होता. सैन्यात भरती झाल्यावर त्यांची नेमणूक फिलाडेल्फियाला झाली. शनिवार-रविवारची रजा न्यू हेवनला प्रेयसीच्या सहवासात घालवून ते छावणीत परतले आणि रात्रीच्या पहाऱ्यावर असताना गीत सुचले, असे ते मुलाखतींतून सांगत. ही हकीकत त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलेली असल्यामुळे तीवरून नेमकी तारीख काढता येत नाही. रचनाकाल १९५५ ची अखेर ते १९५६ चा आरंभ असा धरणे सुरक्षित. ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९५६ मधले.

हे ध्वनिमुद्रण स्टुडिओत नव्हे, तर न्यू हेवनच्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात झाले. सॅक्सोफोनवादक व्हिनी मॅझेटा हे त्याच चर्चचे सदस्य. जागा त्यांच्यामुळे मिळाली. वृंदाच्या नावात ‘पाच’ असले तरी तबकडीवर गाणारे कंठ चारच आहेत : पॅरिस, अल डेन्बी, एड मार्टिन व जिम फ्रीमन. साथीला पियानो, बास, ड्रम आणि सॅक्सोफोन. आवाजाला तळघराची किंचित दबलेली गुंज आहे, पार्श्वगायकांचे स्वर थोडे मागून आल्यासारखे वाटतात, आणि सॅक्सोफोनचा तुकडा तालमीत घोटून बसवलेल्यापेक्षा बोलल्यासारखा वाजतो. गीताच्या टिकाऊपणाचे श्रेय काही अभ्यासक त्याच्या रचनेला देतात. परंतु ही रचना त्या काळच्या शेकडो गीतांची आहे. ही विशिष्ट तबकडी वेगळी ठरली ती तिच्या नादामुळे, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

रचना अशी : चार स्वरसंघांची (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) एक साखळी गीतभर फिरत राहते. भारतीय परिभाषेत सांगायचे तर सा, ध, म आणि प हे स्वर पायाशी धरून बांधलेले चार संघ क्रमाने येतात. यांपैकी धैवतावरचा संघ कोमल प्रकृतीचा (मायनर) असल्याने प्रत्येक फेरीत क्षणभर उदासी डोकावते, आणि पंचमावर आलेली ओळ पुन्हा षड्जाची ओढ लावते. चाल संथ असून प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग पियानोवर अखंड वाजतात. आपल्याकडील तिस्र जातीशी हे जुळते. या पायावर मुख्य गायक शब्द गातो आणि इतर तिघे ‘शू-डू, शूबी-डू’ अशी निरर्थक अक्षरे घोळवतात. तराण्यातील ‘तोम्, नोम्’शी यांची तुलना करण्याचा मोह होतो, पण काम वेगळे आहे. डू-वॉपमध्ये ही अक्षरे वाद्यांची जागा भरतात. गल्लीच्या कोपऱ्यावर किंवा शाळेच्या जिन्यात गाणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांपाशी वाद्ये नसत.

‘डू-वॉप’ हे शैलीचे नाव याच गीतावरून पडले, असा एक बराच प्रचलित दावा आहे. सॅक्सोफोनच्या तुकड्यामागे गायक ‘डू-वॉप, डू-वाह’ असे म्हणतात, हा त्याचा आधार. दावा आकर्षक असला तरी कालक्रमात बसत नाही. ‘द टर्बन्स’ या फिलाडेल्फियाच्या वृंदाच्या १९५५ मधील ‘व्हेन यू डान्स’मध्ये ही अक्षरे स्पष्ट ऐकू येतात, आणखी मागे गेल्यास ‘द डेल्टा रिदम बॉइज’च्या १९४५ मधील एका ध्वनिमुद्रणातही ती सापडतात. अर्थात गाण्यात अक्षरे असणे आणि ती शैलीचे नाव म्हणून वापरली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या वादात त्यांची सरमिसळ फार होते. छापील मजकुरात शैलीसाठी हा शब्द १९६१ च्या सुमारास ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रात आढळतो. तोही ‘द मार्सेल्स’ या वृंदाच्या ‘ब्लू मून’ या गीताच्या संदर्भात. सत्तरच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कचे रेडिओ निवेदक गस गॉसर्ट यांनी तो रूढ केला असे म्हणतात, मात्र हा शब्द कॅलिफोर्नियात आधीपासून वापरात होता, असे खुद्द त्यांचे म्हणणे होते. एकूण पुरावा पाहता हे गीत नावाचा उगम नव्हे, तर त्याचे सर्वांत परिचित उदाहरण मानणे योग्य.

तबकडी प्रथम ‘स्टँडर्ड’ (‘ओ’ घातलेल्या विचित्र स्पेलिंगचे) या छोट्या स्थानिक लेबलने काढली. तेव्हा हे गीत मागच्या बाजूला होते, पुढची बाजू ‘द जोन्स गर्ल’ची. ‘एम्बर’ या दुसऱ्या लेबलने ती पुन्हा वितरित केल्यावर ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ती २४ व्या आणि रिदम अँड ब्लूज यादीत तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली. पॅरिस तेव्हा सैन्याबरोबर जपानमध्ये होते. त्यामुळे वृंदाचे पुढचे यशस्वी गीत ‘टू द आइल’ (१९५७) त्यांच्या जागी बिल बेकर यांनी गायले.

म्हणजे पहिल्या खेपेस यश मध्यमच. १९५९ मध्ये रेडिओ निवेदक आर्ट लबो यांनी जुन्या गीतांच्या ‘ओल्डीज बट गुडीज’ या संकलनमालेच्या पहिल्या भागात ते घेतले, आणि तीच मूळ तबकडी १९६० मध्ये ८१ व्या, तर १९६१ मध्ये ९९ व्या क्रमांकावर यादीत परतली. तीन-चार वर्षांपूर्वीच्या गाण्याला ‘जुने’ म्हणून विकण्याची ही गंमत. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएम केंद्राच्या श्रोत्यांनी निवडलेल्या ५०० गीतांच्या यादीत ते वर्षानुवर्षे पहिले येत राहिले. ‘डर्टी डान्सिंग’ (१९८७) आणि ‘द आयरिशमन’ (२०१९) या चित्रपटांत मूळ ध्वनिमुद्रणच वापरले आहे. ‘बॉइज टू मेन’ या गायकवृंदाने १९९२ मध्ये वाद्यांविना गायलेली आवृत्ती लोकप्रिय यादीत तिसऱ्या स्थानी पोहोचली, मूळ तबकडीच्या कितीतरी वर.