आयबीचा डिप्लोमा आणि आपला डिप्लोमा

आयबी म्हणजे काय हे आता गोव्यात पालकांना सांगायला लागत नाही, फी किती ते तर आधीच पाठ असतं. पण 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमा' या त्याच्या पूर्ण नावातला 'डिप्लोमा' हा शब्द आपल्याकडे जेवढा घोळ घालतो तेवढा दुसरा कुठला घालत नसेल.

भाचीचंच बघा. पुण्याला शिकली, रिझल्ट जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला, तोपर्यंत इथली ॲडमिशनची धावपळ अर्धी संपलेली. धो धो पावसात इंजिनिअरिंगच्या काउंटरवर गेलो तर क्लार्क कागद वाचून म्हणतो, "बाय, डिप्लोमावाल्यांची लाईन ती, डायरेक्ट सेकंड इयरची." ती म्हणे मी बारावी केलीय. मग त्याने टोटल बघितली, 38. "काठावर पास झालीस गो." हे 45 पैकी 38 आहेत, सहा विषयांना प्रत्येकी जास्तीत जास्त 7 आणि वर 3, हे सांगेपर्यंत मागच्या लोकांनी छत्र्या आपटायला सुरुवात केली.

त्याची काही चूक नाही हां. मुक्तीनंतर पणजीच्या आल्तिन्यावर पॉलिटेक्निक आलं तेव्हापासून गोव्यात डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरची तीन वर्षं, सिव्हिल नाहीतर मेकॅनिकल. फ्रेंचमध्ये मात्र हा शब्द कुठल्याही सर्टिफिकेटला चालतो आणि अमेरिकेत बारावी पास झाल्याच्या कागदालाच हायस्कूल डिप्लोमा म्हणतात. आणि 'बॅकलॉरिएट' म्हणजे फ्रान्समध्ये शाळा संपतानाची परीक्षा, इंग्रजी वळणाच्या कानाला ते बॅचलर डिग्रीसारखं वाटतं. म्हणजे नावातला एक शब्द पदवीसारखा, दुसरा पॉलिटेक्निकसारखा, आणि वस्तू आपली साधी अकरावी-बारावी! नंतर आयबीचे दुसरेही कार्यक्रम आले, 1994 ला मधल्या वर्गांचा, 1997 ला प्रायमरीचा, 2012 ला करिअरवाला, त्यामुळे नुसतं 'आयबी' म्हणून भागेना आणि 'डीपी', म्हणजे डिप्लोमा प्रोग्राम, हे लेबल आणखी घट्ट बसलं.

मुळात हे सगळं निघालं सोयीसाठी. जिनिव्हाला 1924 पासून एक शाळा होती, लीग ऑफ नेशन्स आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नोकरदारांच्या मुलांची. वरच्या वर्गात पोचलं की एकाला फ्रेंच परीक्षा, एकाला इंग्लिश ए लेव्हल, एकाला स्विस, एकाला अमेरिकन, म्हणजे एकाच बाकावरच्या मुलांचे चार सिलॅबस. शिक्षक कंटाळले आणि एकच सामायिक परीक्षा असावी म्हणून खटपट सुरू केली, 1968 ला संस्था उभी राहिली, 1970 ला पहिली अधिकृत परीक्षा झाली. भारतात सत्तरच्या दशकात कोडाईकनालला सुरुवात झाली, 1997 ला पुण्याजवळ मुळशीच्या डोंगरावर कॉलेज निघालं आणि मग मुंबई-पुण्यात पेवच फुटलं.

फायदे विचाराल तर मला खरा एकच मोठा वाटतो, मूल स्वतः लिहायला शिकतं. 4000 शब्दांचा निबंध, विषय आपण निवडायचा, भाचीने खाजन शेतीतल्या मानशीवर, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दरवाजावर केला, भरती-ओहोटीला पाण्याचा खारटपणा मोजायला सुट्टीत रोज मानशीवर जाऊन बसायची. बारावीला अपेक्षित प्रश्नसंच पाठ केलेल्या माझ्यासारख्याला हे बघून हेवाच वाटला. शिवाय तीन विषय खोलात, तीन जरा कमी, भाषा सुटत नाही, गणित सुटत नाही. परदेशातली बरीच विद्यापीठं वरच्या लेव्हलच्या चांगल्या ग्रेडला पहिल्या वर्षाचं क्रेडिट देतात, तेवढी फी वाचते.

अडचण आपल्या बाजूची आहे. आपल्या विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या संस्थेने 1983 पासून याला बारावीच्या बरोबरीचं मानलंय, पण बरोबरीचं मानणं वेगळं आणि टक्के काढणं वेगळं. जगाची सरासरी 30 च्या आसपास असते, सरळ 45 ने भागलं तर ते 67 टक्के होतात, म्हणजे चांगलं मूल आपल्या मेरिट लिस्टमध्ये तळाला. मेडिकलची 'नीट' परीक्षा द्यायची तर अजून पंचाईत, फिजिक्स-केमिस्ट्री-बायो तिन्ही नेहमीच्या चौकटीत बसत नाहीत, आर्टची जागा सायन्सला दिली तरी दोनच होतात, तिसऱ्यासाठी खास परवानगी काढायची. 2020 ला तर मे महिन्याची परीक्षाच रद्द झाली, वर्षभराचं काम, शिक्षकांचा अंदाज आणि शाळेचा मागचा इतिहास यावरून ग्रेड दिले, जगभर बोंब झाली. शाळेच्या इतिहासाचं ओझं मुलाच्या डोक्यावर का, हा मुद्दा मला अजून पटतो.

शेजारच्या काकांना मात्र यात नवल वाटलं नाही. ते पोर्तुगीज काळात लिसेवचे, म्हणजे तेव्हाच्या हायस्कूलचे विद्यार्थी, शेवटची दोन वर्षं पुढे काय शिकणार त्याप्रमाणे विषय घेऊन करायची, 'सेतिमु आनु' म्हणजे सातवं वर्ष संपलं की विद्यापीठ. मुक्तीनंतर त्यांनाही तो कागद घेऊन फिरावं लागलं होतं, सातवं वर्ष म्हणजे मॅट्रिक की इंटर, प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर. भाचीचा फॉर्म शेवटी भरला गेला तेव्हा बोर्डाच्या रकान्यात गोवा बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई एवढंच होतं आणि खाली 'इतर', क्लार्कने तिथे टिक केली. काका म्हणाले, "माझ्या वेळेला तो रकाना पण नव्हता."