केंब्रिजच्या दक्षिणेची खेडी आणि पाच पौंडांचा वाद: थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरात गाडी आणली तर दिवसाला पाच पौंड घ्यायचे असा 2022 ला प्रस्ताव आला, हा वाद त्यावरचा. तो समजायला आधी आजूबाजूची खेडी बघावी लागतात. मेल्ड्रेथ, शेप्रेथ, फॉक्सटन ह्या खेड्यांना रेल्वे 1850 च्या आसपासच मिळाली, पण रोज उठून लंडनला जाणारे लोक तिथे राहायला येणं ही बरीच अलीकडची गोष्ट. 1978 ला लंडनकडून विजेची लाईन रॉयस्टनपर्यंत आली आणि तिथेच थांबली, पुढे केंब्रिजपर्यंत डिझेलची गाडी, म्हणजे मध्ये उतरून बदला. 1988 ला राहिलेला तुकडाही इलेक्ट्रिक झाला, थेट लंडनचं किंग्ज क्रॉस स्टेशन गाठता यायला लागलं, आणि स्टेशनजवळच्या घरांकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले.

पण इथला कम्यूटर, म्हणजे रोज कामाला ये-जा करणारा, फक्त लंडनवाला नाही, खूप जण उलट दिशेने केंब्रिजला जातात आणि खरं भांडण तिथलं आहे. 1950 च्या नियोजनात ठरलं की केंब्रिज लहानच ठेवायचं, लाखभर वस्तीच्या आसपास, आणि भोवती ग्रीन बेल्ट, म्हणजे सहसा बांधकाम करू न देणारा मोकळा पट्टा. शहर सुंदर राहिलं, मान्य. पण नोकऱ्या काही लहान राहिल्या नाहीत, लॅब आणि हॉस्पिटल शहरात वाढत गेले आणि घरं पट्ट्याच्या पलीकडे. त्यात 1967 ला हॅवरहिलची लाईन बंद, त्याच वर्षाअखेर ऑक्सफर्डची थेट लाईन बंद, 1970 ला सेंट आयव्हजची. म्हणजे ज्या काळात लोक बाहेर राहायला जाणार होते नेमक्या त्याच काळात रूळ काढले. मग बस. 1986 पासून लंडनबाहेर बस कुठे चालवायची हे कंपनीने ठरवायचं, तोट्याच्या फेरीला पैसे द्यायचे तर काउन्सिलने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने.

गाडी असलेल्याला ह्यातलं काहीच जाणवत नाही, ए10 ह्या मोठ्या रस्त्यावर फॉक्सटनचं रेल्वे फाटक पडलं की तेवढ्यापुरता वैताग. जाणवतं ते सोळा वर्षांच्या पोरांना. जवळच्या मेलबर्न गावातली शाळा सोळापर्यंतच, पुढचं कॉलेज बहुतेकांना केंब्रिजला, आणि संध्याकाळची बस चुकली की आईला फोन.

2022 च्या शरद ऋतूत बस कंपनीने एकदम बरेच रूट सोडायचं जाहीर केलं, आणि त्याच सुमारास शहरासाठीचा तो प्रस्ताव लोकांपुढे आला: सोमवार ते शुक्रवार सकाळी सात ते संध्याकाळी सात शहरात गाडी आणली तर दिवसाला पाच पौंड, त्या पैशातून भरपूर बस, शहरात एक पौंड आणि आजूबाजूच्या भागात दोन पौंड तिकीट. बस आधी वाढवायच्या, चार्ज नंतर लावायचा, हेही त्यात होतं, पण ते कोणी ऐकलंच नाही. सगळा राग मोठं हॉस्पिटलही चार्ज लागणाऱ्या भागात घेतलं ह्यावर गेला, आणि तो राग खोटा नव्हता, रात्रपाळीची नर्स खेड्यातून कुठल्या बसने येणार? ठराविक पेशंटना सूट होती, पण सूट मिळवायला फॉर्म भरा. गंमत म्हणजे चोवीस हजारांवर उत्तरं आली, त्यात साधारण सत्तर टक्के लोकांना चांगल्या बस हव्या होत्या आणि अठ्ठावन्न टक्के चार्जच्या विरोधात, म्हणजे बरेच लोक दोन्हीकडे. मग 2023 ला प्रस्ताव पातळ केला, फक्त गर्दीच्या तासांना चार्ज, वर काही दिवस फुकट, तरी राजकीय पक्षांनी पाठिंबा काढला आणि सप्टेंबरमध्ये विषय संपला. विरोध करणाऱ्यांनी शेवटपर्यंत शहरातल्या दुकानांची आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यांची बाजू मांडली. आता ह्याच म्हाताऱ्यांपैकी कितीतरी जण गाडी चालवत नाहीत, त्यांना बसच हवी होती, पण सभेला रात्री यायचं तर बस कुठाय?

चार्ज गेला, पण बसला पैसे लागतातच. 2023 पासून काउन्सिल टॅक्ससोबत (आपल्या घरपट्टीसारखा कर) बससाठी वेगळी रक्कम सुरू झाली होती, डी बँडच्या, म्हणजे किमतीने मधल्या गटातल्या घराला वर्षाला 12 पौंड, पुढच्या वर्षी ती 36 झाली. फेब्रुवारी 2025 ला ठरलं की रूट, वेळा, भाडं सार्वजनिक यंत्रणा ठरवणार, कंपन्यांनी कंत्राटावर नुसत्या बस चालवायच्या. म्हणजे 1986 चा निर्णय उलटा. आणि पैसे कोण देतंय? रोज एकट्याने गाडी घेऊन शहरात जाणारा आणि गाडीच नसलेली शेजारची आजी, बँड एकच असेल तर दोघंही तेवढेच.