चार कोटी ओळींचा कर्नल फुगला आहे का?

२०२५च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलच्या, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधल्या लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्स कोडने चार कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. १९९१च्या पहिल्या आवृत्तीत जेमतेम दहा हजार होत्या. लगेच ‘कर्नल फुगला, म्हणून संगणक मंदावतात’ असा सूर लागला. हा निष्कर्ष मला पटत नाही.

या ओळींपैकी निम्म्याहून अधिक ड्रायव्हरच्या, म्हणजे एकेक हार्डवेअर चालवणाऱ्या कोडच्या आहेत. एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या लाखो ओळी तर रजिस्टरच्या (चिपमधल्या छोट्या नोंदकप्प्यांच्या) याद्या आहेत, त्याही प्रोग्रामनेच तयार केलेल्या. जे हार्डवेअर तुमच्याकडे नाही, त्याचे मॉड्यूल (गरजेपुरता चढवता येणारा कर्नलचा सुटा भाग) सहसा मेमरीत चढतच नाही. लिनक्सवर ‘एलएसमॉड’ (lsmod) ही आज्ञा देऊन पाहा, चढलेल्या मॉड्यूलची यादी समोर येईल.

खरी काळजी आहे ती चढलेल्या कोडच्या अधिकाराची. एक्स८६ (इंटेल, एएमडी घराण्याच्या) प्रोसेसरमध्ये चालू कोडची अधिकार-पातळी दोन बिटांत नोंदलेली असते. साधे प्रोग्राम पातळी ३ वर चालतात, कर्नल पातळी ० वर. मेमरी ‘पान’ नावाच्या ठरावीक तुकड्यांत विभागलेली असते; प्रत्येक पानाच्या नोंदीत ‘हे पान साध्या प्रोग्रामला खुले आहे का’ हे सांगणारा एक बिट असतो. पातळी ३ च्या प्रोग्रामने बंद पानाला हात लावला, की प्रोसेसर तिथेच थांबून कर्नलला बोलावतो आणि कर्नल सहसा तो प्रोग्राम बंद करतो. किती साधी, किती देखणी व्यवस्था! पण ड्रायव्हर पातळी ० वरच चालतो. त्याच्यासाठी कर्नलची सगळी पाने खुली. त्याचा एक चुकीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) फाइल सिस्टिमच्या डेटावरही लिहू शकतो.

विंडोजचीही रचना या बाबतीत अशीच. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे त्यांच्या कर्नल ड्रायव्हरने मर्यादेबाहेरची मेमरी वाचली आणि सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले.

संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९९२मध्येच लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्याशी मायक्रोकर्नलच्या बाजूने वाद घातला होता: कर्नल छोटा ठेवा, ड्रायव्हर पातळी ३ वर हलवा. मग ड्रायव्हर वेगळा प्रोग्राम होतो आणि प्रत्येक कामासाठी त्याला संदेश पाठवावा लागतो, पातळी बदलते, अनेकदा पानांचा तक्ताही बदलतो आणि वेळ जातो. पण सुमारे ८,७०० ओळींच्या एसईएल४ या मायक्रोकर्नलची अचूकता २००९मध्ये गणिती सिद्धतेने तपासली गेली. कोट्यवधी ओळींबाबत तसे करणे आज आवाक्याबाहेर आहे.

२०२२पासून लिनक्समध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेला जागा मिळाली आहे. तिच्यामुळे मेमरीच्या कित्येक चुका कंपाइल करतानाच, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर होतानाच, पकडल्या जातात. मात्र ‘रस्ट आले, कर्नल सुरक्षित झाला’ हा गाजावाजा खोटा आहे. रस्टमधला ड्रायव्हरही पातळी ० वरच चालतो आणि त्यातली तर्काची चूक कंपायलरला दिसत नाही.